नाव न सांगायचा पाला आणि माझा अंगठा

माझ्या पायात रिबीट घुसलंय, हे मला माझ्या नवऱ्याने सांगितलं.

मी कामावरून आले होते. चप्पल दारात काढली, स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला, आणि मागून विलास ओरडला, "अगं, लादीवर रक्त कुणाचं?" मीही वाकून बघायला लागले, कुणाचं बरं. मांजर येऊन गेलं की काय, असंसुद्धा मनात आलं. रक्ताचे ठसे दारापासून ओट्यापर्यंत आले होते आणि त्यांच्या शेवटी मीच उभी होते.

जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यांवर बटणासारखं बारीक पितळी ठोकलेलं असतं ना, ते रिबीट. त्याच्या मागच्या बाजूला खिळा असतो. उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात मी चेकिंगला आहे. दिवसभर टेबलाशी उभं राहून लोंबते धागे कापायचे, शिलाई ओढून बघायची आणि डाग शोधायचे. मशीनच्या तेलाचा, गंजाचा, चहाचा, रंगाचा, कुठलाही डाग मी लांबून ओळखते. असलं एक रिबीट चपलेचा तळ फोडून माझ्या उजव्या अंगठ्यात खालून गेलं होतं. मी त्याच्यावर उभी राहून काम केलं, रिक्षा पकडली, चिखलोलीला उतरून चालत घरी आले, आणि मला पत्ता नव्हता.

त्या संध्याकाळी घाबरण्याच्या आधी मला नवलच वाटलं. विलासने चिमट्याने रिबीट उपसलं तरी मला काही जाणवलं नाही. मग मी टाचणी घेऊन अंगठ्याला इथे टोच, तिथे टोच, असं करत बसले.

"काय चाललंय तुझं? प्रयोगशाळा आहे का ही?" विलास म्हणाला.

"बघ ना, अंगठा माझाच आहे आणि मला काहीच सांगत नाही."

त्याला हसू आलं नाही.

मुंग्या

शुगर मला बरीच वर्षं आहे. गोळी घ्यायची, साखर कमी खायची आणि लग्नकार्यात 'आजच्या दिवस' म्हणून सगळं खायचं, अशी आमची तडजोड होती. पायाला मुंग्या यायच्या तेव्हा मी त्यांचं खापर उभ्याच्या कामावर फोडलं. पुढे मुंग्या थांबल्या तर मी खूश झाले. मुंग्या थांबल्या म्हणजे पायाने बोलणंच बंद केलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. एरवी मी जगाला प्रश्न विचारून भंडावून सोडते.

हे लिहायला लावलं ते ड्रेसिंगच्या रांगेत भेटलेल्या बायकांनी. प्रत्येकीने पायाला घरचं काही ना काही लावलेलं होतं आणि प्रत्येकीने ते डॉक्टरांपासून लपवलं होतं. हळद, चुना, तंबाखू, मध, कुठल्या तरी झाडाचा चीक. त्यांना मी माझी गोष्ट सांगायचे. ज्यांना एवढी मोठी गोष्ट वाचायला वेळ नाही त्यांनी इतकंच लक्षात ठेवावं: शुगर असेल आणि पायाला लागूनही दुखलं नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

विचारायचं नाही

नाक्यावरच्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी केली आणि रोज या म्हणाले. मी थोडे दिवस गेले. मग कारखान्यात मोठी ऑर्डर आली आणि पट्टी मी घरीच बदलायला लागले. जखमेतून पाणी यायला लागलं, वास यायला लागला. तेव्हा विलास म्हणाला, "आत्याकडे जाऊ."

आत्या म्हणजे विलासची सख्खी आत्या. जांभूळला राहतात, भाताची थोडी जमीन आहे. त्यांच्या हाताला गुण आहे, असं आजूबाजूच्या गावांत मानतात. दर रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर माणसं बसलेली असतात. कुणाला विळा लागलेला, कुणाच्या पायात काटा मोडलेला, कुणाला गळू. विलासच्या नडगीवर लहानपणीचा एक लांबलचक व्रण आहे. त्यावर आत्यांनीच पाला लावला होता आणि तो धावायला लागला होता. त्यामुळे आत्यांच्या बाबतीत आमच्या घरात वाद होत नाही.

त्या औषधाचा एक नियम आहे. पाला कसला ते विचारायचं नाही. त्या सांगणार नाहीत. त्या एकट्याच जाऊन खुडून आणतात, दार लोटून पाट्यावर वाटतात आणि गोळा तळहातात झाकून आणतात. लावून झाल्यावर आभार मानायचे नाहीत, मागे वळून बघायचं नाही. नाव उच्चारलं की गुण जातो. आजाऱ्याचाच जातो असं नाही, देणाऱ्याच्या हातातूनही कायमचा जातो. त्यांच्या सासूबाईंनी त्यांना मरायच्या आधी तो पाला दाखवला होता, तोही बोट दाखवून, नाव न घेता.

आता मला असं काही सांगणं म्हणजे आगीत तेल. पहिल्याच रविवारी मी विचारलं, "आत्या, हे पान लांबट असतं का?"

"गप बस गो."

"वास ओल्या गवतासारखा येतोय. पाण्याकाठी उगवतं का?"

"विलास, तुझ्या बायकोला बाहेर ने."

मी मग नाकाने शोध घ्यायला लागले. लावताना गोळा हिरवागार असायचा. रिक्षात बसेपर्यंत तो काळपट व्हायचा आणि घरी येईपर्यंत काळा. कातडीही काळी व्हायची, नखाच्या कडेने तर शाई सांडावी तशी. मी आत्यांना विचारलं तर म्हणाल्या, "काला पडला म्हंजे लागू पडला." हिरव्याचं काळं कसं होतं, याचाच मी आठवडाभर विचार करत होते. कारखान्यात निळीचं काम रोज बघते, कापड हौदातून हिरवट निघतं आणि हवा लागली की निळं होतं. तसंच काही असेल का? हे कोडं मला इतकं आवडलं की अंगठ्याकडे मी अंगठा म्हणून बघायचंच सोडलं.

आणि वरून जखम छान दिसत होती. पाणी थांबलं, वास गेला, खपली धरली. माझी मुलगी ऋतुजा बदलापूरला कॉलेजला आहे. ती एकदाच म्हणाली, "मम्मी, एकदा डॉक्टरको दिखा दो ना, प्लीज. हे किती काळं झालंय." मी म्हटलं, "अगं, तो रंग आहे." ते खरंही होतं. पण दर रविवारी मुद्दाम काळ्या केलेल्या अंगठ्यावर खरोखरचा काळेपणा आला तर तो दिसणार कसा, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

ताप

टेबलाशी उभी असताना मला थंडी वाजायला लागली. हातातली पँट हातातच राहिली. आमचे सेठ सिंधी आहेत, तोंडाने फटकळ. त्यांनी माझा चेहरा बघितला, पाय बघितला आणि म्हणाले, "सुनंदा दीदी, घर नहीं जाना है. सीधा हॉस्पिटल. बैठो." आणि स्वतः रिक्षात शेजारी बसले. माझी पर्स मांडीवर घेऊन ते बसले होते, ते दृश्य आठवलं की मला अजून गहिवरून येतं.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण सर्जन मॅडम आल्या. पाऊल घोट्यापर्यंत सुजलं होतं, लाल होतं. त्यांनी अंगठा स्पिरिटने पुसला. काळं निघेना. घासून पुसला, तरी निघेना. मग पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून डोळे मिटून उभ्या राहिल्या. मला वाटलं प्रार्थना करतायत.

"नाडी चांगली लागतेय," त्या म्हणाल्या. "पायात रक्त पोहोचतंय. म्हणूनच हा काळेपणा मला पटत नाही. काय लावलं होतं?"

"पाला."

"कसला?"

"माहीत नाही."

"कुणी लावला?"

"माझ्या आत्याने," विलास म्हणाला. "पण ती नाव सांगत नाही."

मॅडम चिडल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि सरळ सांगितलं. आत पू झालाय, आज संध्याकाळी तो काढायलाच हवा, त्यात थांबता येणार नाही. प्रश्न अंगठ्याचा आहे. काळं दिसतंय ते मेलेलं मांस असेल तर अंगठा काढावा लागेल, नाहीतर विष वर चढेल. वरचा नुसता रंग असेल तर आतलं साफ करून अंगठा ठेवायचा प्रयत्न करता येईल. "आणि पाल्यात बिब्बा घातला असेल तर गोष्ट वेगळी. बिब्ब्यानेही काळं होतं, पण तो कातडी खोलवर जाळतो. तसं असेल तर वाचवत बसण्यात मी वेळ घालवणार नाही. चाकू लावल्यावर बरंचसं कळेल मला. पण काय लावलंय ते आधी कळलं तर माझा हात त्या हिशेबाने चालेल."

मी विचारलं, "अंगठा नसला तर उभं राहता येतं?"

"येतं. पण दिवसभर उभं राहायचं काम कठीण जातं. तोल अंगठ्यावर असतो."

माझं सगळं कामच उभ्याने. घराचे हप्ते, ऋतुजाचं कॉलेज, सगळं त्या टेबलाशी उभं राहण्यावर चाललेलं. मला रडू आलं, आणि लाज वाटते सांगायला, पण रडता रडता डोक्यात हेच चालू होतं की कसला पाला असेल तो.

फोन

विलासने वॉर्डाबाहेर जाऊन आत्यांना फोन लावला. काचेतून मला तो दिसत होता. आधी हात जोडल्यासारखं बोलला, मग आवाज चढला, मग गप्प झाला. आत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"नाही म्हणते. म्हणते, सासूला शब्द दिलाय. म्हणते, मी नाव घेतलं तर रविवारी येणाऱ्या माणसांना काय सांगू?"

"आणि मला काय सांगते?"

"रडत होती गं."

मला भयंकर राग आला. आत्यांचा नव्हे, त्याचा. माझा अंगठा जायची वेळ आली आणि हा आत्या रडत होती म्हणून सांगतोय. मी म्हटलं, "तुझ्या नडगीपेक्षा माझा पाय स्वस्त आहे का?" तो खाली बघून माझी चादर सारखी करत राहिला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं वाईट भांडण आम्ही कधी केलं नव्हतं, आणि तेही तो एक शब्द न बोलता.

ऋतुजाने मोबाइलवर झाडांचे फोटो शोधून काढले, आत्यांच्या शेजारणीला पाठवले आणि तिला सांगितलं: एकेक फोटो दाखव, आणि जो असेल त्याच्यावर आत्याआजीने नुसती मान हलवायची, नाव घ्यायला नको. मला ती युक्ती फार आवडली. शेजारणीचा फोन आला: आत्या बोलल्या, मान हलवली काय आणि तोंडाने बोलली काय, देवाला दोन्ही कळतं. आणि फोटोकडे न बघताच त्या घरात निघून गेल्या.

सिस्टर सलाइन बदलायला आली. मी तिला विचारलं, "बिब्बा नसणार ना?" ती म्हणाली, "मावशी, मला काय माहीत? तुम्ही आता डोळे मिटा." मी डोळे मिटले आणि हिरवा गोळा काळा होताना बघत पडले.

रंग आणि वास

ऑपरेशनसाठी न्यायच्या थोडं आधी वॉर्डाच्या दारात आत्या उभ्या. शेअर रिक्षाने एकट्या आल्या होत्या. पदर डोक्यावर, पायात चप्पल नाही, बहुधा घरून निघताना घालायचीच राहिली होती. कुणाशी न बोलता त्या माझ्या पायाशी आल्या, चादर बाजूला केली आणि वाकून अंगठ्याचा वास घेतला. आख्खा वॉर्ड बघत होता.

"रंग माझाच हाय," त्या म्हणाल्या. "वास माझा नाय."

विलास पुढे झाला. "आत्या..."

"तू गप. डॉक्टरीनबाई कुठं हाय?"

सर्जन मॅडम आल्या. आत्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. आत्यांचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. एकदा त्यांनी दाराकडे बघितलं, मला वाटलं आता निघून जातात. मग त्यांनी माझा पाय, तो सुजलेला घाण पाय, दोन्ही हातांनी धरला आणि मोठ्याने म्हणाल्या, "माका."



"माका? केसांच्या तेलातला?" मॅडमनी विचारलं.

"तोच. पानी झिरपतं तिथं होतो. पानं वाटायची नि लावायची. दुसरं काय नाय."

"बिब्बा? चुना?"

"बिब्बा मी मानसाला लावीत नाय. बैलाच्या खुराला लावला असंल कवा."

मॅडमनी मान हलवली. "माक्याचा रस काळा पडतो, हे मला ठाऊक आहे. माझी आई लावायची केसांना. ठीक आहे. म्हणजे निदान वरचा काळा रंग आहे असं धरून चालते. आत काय आहे ते मी आता सांगू शकत नाही. पण प्रयत्न नक्की करते."

आणि मी? मला हसू फुटलं. इतके रविवार मी ज्याच्यासाठी नाक खुपसत होते, ज्याच्यासाठी घरात भांडण झालं, तो माका. आमच्या बाथरूममधल्या तेलाच्या बाटलीवर त्याचं चित्र आहे. मी हसतेय हे बघून ऋतुजा घाबरली, तिला वाटलं ताप डोक्यात गेला. आत्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझा पाय खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि पुसतच राहिल्या.

रक्त

कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करणार म्हणाले. मी म्हटलं, "पाय आधीच बधिर आहे, काही सूट मिळेल का?" भूल देणारे डॉक्टर हसले.  पडदा लावला होता, पलीकडचं काही दिसत नव्हतं. भांड्यांचा आवाज, कापसाची मागणी, मध्येच शांतता. त्या शांततेला मी फार घाबरले. मग मॅडमचा आवाज आला, "रक्त येतंय. इथे पण येतंय. छान."

आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं रक्त येतंय म्हणून मला आनंदाने रडू आलं.

वरचं काळं खरवडल्यावर खाली गुलाबी कातडी होती. तळाकडचा, रिबीट घुसलं तिथला भाग मात्र खरंच मेला होता. तो काढला. नख गेलं, टोक गेलं, थोडं हाड खरवडावं लागलं. बाकी अंगठा राहिला. मॅडम दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अजून थोडे दिवस गेले असते तर रंग की मांस, हा प्रश्नच उरला नसता."

बशीतलं रिंगण

हॉस्पिटलचं रुटीन ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. पहाटे बोटाला टोचणं, इन्सुलिन, बेचव उपमा, आणि ड्रेसिंगची गाडी. त्या गाडीच्या चाकांचा आवाज आला की सगळा वॉर्ड गप्प व्हायचा. मला दुखत नसल्यामुळे मी एकटीच उत्सुकतेने मान वर करून बघायचे. सिस्टर म्हणायची, "तुमच्यासारखा पेशंट नाही बघितला, मावशी. सिनेमा बघतायत जणू."

माझा पू तपासायला पाठवला होता. तो कसा तपासतात, हे मी विचारून विचारून काढलं. काचेच्या बशीत जंतू वाढवतात आणि त्यावर औषधांच्या बारीक गोल चकत्या ठेवतात. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती जंतू मरून स्वच्छ रिंगण पडतं. रिंगण नसेल तर ते औषध बाद. माझ्या जंतूंनी काही औषधांना दादच दिली नव्हती.

मी लगेच मॅडमना विचारलं, "मग माक्याच्या रसाची चकती ठेवली तर?"

 मला वाटलं रागावतील. "पडेलही रिंगण," त्या म्हणाल्या. "पानांच्या अर्काने जंतू मरतात का, हे लोक प्रयोगशाळेत तपासत असतात, आणि बऱ्याच पानांत तसा गुण सापडतो. पण बशीत पान जंतूंना थेट भिडतं. तुमच्या पायात जंतू हाडाजवळ होते आणि पाला कातडीवर. शिवाय साखर त्यांना खाऊ घालत होती. शेतातल्या माणसाचा ताजा काप आणि तुमचा अंगठा, या दोन वेगळ्या जखमा आहेत."

"म्हणजे आत्यांचा पाला खोटा नाही?"

"मी तसं कुठे म्हटलं? तो किती उपयोगी, कुठल्या जखमेला, किती प्रमाणात, हे मला माहीत नाही. माहीत नाही म्हणून मी तुम्हाला लावू देणार नाही."

मला हे उत्तर फार आवडलं. माहीत नाही, असं मला आजवर कुठल्याही डॉक्टरने सांगितलं नव्हतं.

ज्याला त्याला ठाऊक

घरी आल्यावर काही काळ मी पलंगावर होते. विलासने स्वयंपाक केला. डाळ रोज खारट व्हायची आणि मी रोज छान म्हणायचे. त्या भांडणाबद्दल आम्ही बोललो नाही. पण तो रोज रात्री आरसा घेऊन माझ्या तळव्याखाली धरायचा आणि बॅटरीने बघायचा, कुठे लाल आहे का, चीर आहे का. मॅडमनी तसं रोज बघायला सांगितलं होतं. एकदा आरसा धरूनच म्हणाला, "स्वस्त नाहीये गं." मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी त्याच्या केसांतून हात फिरवला.

चालायला लागले तशी मी माक्याच्या मागे लागले. जांभूळच्या वाटेवर एका पाइपातून पाणी झिरपतं, तिथे ऋतुजाने मला तो दाखवला. बुटका, खरखरीत देठाचा, पांढरी पिटुकली फुलं. मी पान तळहातावर चुरगळलं आणि आम्ही दोघी मोबाइलमध्ये बघतो तसं हातात बघत उभ्या राहिलो. हिरवं, मग मातकट, मग काळं. हात कितीतरी दिवस तसाच राहिला. जीन्सच्या चिंधीवरही लावून बघितलं. धुतल्यावरही डाग होता, चेकिंगला आला असता तर मी ती पँट बाजूला काढली असती.

मग ज्याला त्याला विचारत सुटले. शिवमंदिराजवळ फुलं विकणारी बाई म्हणाली, केसांना. आमच्या मजल्यावरची कोकणातली काकू म्हणाली, कावीळ. मला बघायला घरी आलेला कारखान्यातला उत्तर प्रदेशचा कारागीर पान बघून म्हणाला, "अरे, ये तो भंगरैया है. हमारे गाँव में कट जाए तो यही लगाते हैं." मी त्याला विचारलं, नाव सांगितलं तर गुण जातो का? तो माझ्याकडे बघत राहिला. "नाम नहीं बताएँगे तो लाएगा कौन?"

जे आत्यांनी जन्मभर जपलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मला गंमत वाटायला हवी होती. वाटली नाही.

ओटा

कारण आत्यांनी औषध देणं बंद केलं होतं. रविवारी माणसं यायची, त्या आतूनच सांगायच्या, "माज्या हातचा गुण गेला." कुणी कारण विचारलं तर सांगायच्या नाहीत. हे मला शेजारणीकडून कळलं. मी ठरवलं, आता चालत जायचं ते त्यांच्या दारापर्यंतच.

रविवारीच गेले. ओटा रिकामा होता. आत्या भिंतीला टेकून वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी माझ्या मऊ बुटांकडे बघितलं, चालीकडे बघितलं. "तोल जातो?"

"थोडा. पण उभी राहते. पुढच्या महिन्यात कामावर बोलावलंय."

"बरं झालं."

मला राहवलं नाही. "आत्या, तुम्हाला माझा राग येतो का? माझ्यापायी गुण गेला."

त्यांनी शेंग खाली ठेवली. "गुन गेला त्याचा नाय वाटत एवढं. दर रैवारी तुजा अंगठा माज्या हातात होता गो. आत सडत होता न मी त्याच्यावरच रंग चढवीत होती. मना दिसला नाय. त्याचं वाटतं."

 मी त्यांच्या शेजारी बसले आणि शेंगा सोलायला घेतल्या.

तेवढ्यात एक माणूस लंगडत आला. बारवीकडच्या पाड्यावरचा, लाकडं फोडायचं काम करणारा. पायाला फडकं बांधलेलं. "आत्याबाय, पाला दे. खुट्टा लागलाय. दुखत तर काय नाय, पण बुजत नाय."

"गुन गेला माजा. जा."

तो हलला नाही. "लांबून आलोय गो आय. दुसरं कुठं जाऊ?"

आत्या शेंगांकडे बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "दुखत नाय बोललास?"

"नाय. तेच बरं हाय."

"शुगर हाय का तुना?"

"असंल. कोन बगतो?"

आत्यांनी वालाची टोपली बाजूला सारली. "हे बग. पाल्याचं नाव माका. तुज्या बांधाला बी असंल, तिथं उगवतो. कोयता लागला, ताजं रगत आलं, तर लाव खुशाल, धुवून लाव. पन हे दुखत नाय बोलतोस, त्याला मी लावायची नाय, न तू बी लावायचा नाय." मग माझ्याकडे वळल्या. "सुनंदा, त्याला दाखव गो."

मी बूट काढला, मोजा काढला आणि पाय पुढे केला.